बोर्डच्या पोटावरचे खेकडे

प्रिय दादा,

तू गेल्याला आठ महिने झाले. आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुझे बोर्ड न्यायला माणसं आली होती! गंगापूर रोडवर स्केटबोर्डवरच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, आणि दाराशीच तुझं नाव लागणार आहे. ऐकतोयस ना?

सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मशिनांना रंग मारून यायचास आणि गॅलरीत पोरांचा एखादा बोर्ड उलटा ठेवून बसायचास. आईच्या माहेरचे, पेठच्या भातखाचरातले खेकडे त्याच्या पोटावर काढायचास. "अरे, खालच्या बाजूला बघणार कोण?" बाबा विचारायचे. "पोरं उडी मारतील तेव्हा सगळे बघतील की!" आणि खेकडेच का? तर म्हणे, बोर्डवरची माणसंही आडवीच चालतात.

मला मात्र राग यायचा. आठवडाभर खपून काढलेलं चित्र पोरं लोखंडी कठड्यावर घासून दोन दिवसांत खरवडायची. "एक तरी घरात ठेव ना," म्हणून भांडले होते तुझ्याशी. तू हसलास. "घासलं गेलं म्हणजे कुणीतरी खेळलं, नंदे."

आमच्यासाठी काय उरेल, हे कधी मनात आलं नाही का रे तुझ्या?

त्या तापाने चार दिवसांत तुला नेलं. घरात तुझं एकही चित्र नव्हतं.

मग मीच पोरांकडे फिरले. अकरा बोर्ड जमले. कुठे नुसती नांगी, कुठे एक डोळा. आज प्रदर्शनवाल्या बाई म्हणाल्या, "फारच झिजलेत. पोरांकडच्या जुन्या फोटोंवरून पुन्हा रंगवून घेऊ या का?"

खरं सांगते, मोह झाला. सगळे खेकडे पुन्हा पूर्ण दिसले असते!

शेवटचा बोर्ड घेऊन आलेली कॉलेजातली सायली शेजारीच उभी होती. उघड्या पडलेल्या लाकडावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हा ओरखडा राहू द्या. कठड्यावरून पहिल्यांदा न पडता घसरले ना, तेव्हाचा आहे."

मी बाईंना नाही म्हटलं. बोर्ड आहेत तसेच लागतील. तुझ्या नावाखाली, ज्यांनी ते झिजवले त्यांचीही नावं.

तरी दादा, एक अख्खा खेकडा मला हवा होता. तुझ्या हातचा, ओल्या रंगाचा. तो आता कुठून आणू?

प्रदर्शन संपलं, की अकराही बोर्ड मी ज्याचे त्याला परत करीन. एकही भिंतीवर टांगणार नाही. पुसले जातील तर जाऊ देत. हा शब्द देते तुला.

तुझीच,
नंदा