सहाव्या झाडाचा घेर

एटापल्ली, ३ फेब्रुवारी १९५७

ती. गुणवंतराव मामाजींस मुखरूचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुम्ही इथे होतात, तेव्हा आमच्या जंगल ऑफिसातला मजूर पोचू सागाची आठ झाडं मोजून आकडे सांगत होता, आठवतं ना? त्यावरून मला तक्ता करायचा आहे, घेर कळला की उंची सांगता यावी असा. महिनाअखेर साहेबांना तो पटला तर नोकरी कायम, नाही तर आईला घेऊन गावी परत.

आठ ठिपके कागदावर मांडले. एक घाताच्या समीकरणाची रेष सरळ, फार ताठ. घात वाढवावा तशी ती वळू लागते. सात घाताची तर आठही ठिपक्यांतून बिनचूक गेली. मी हरखलो. पण तिच्या हिशेबाने ऐंशी इंच घेराच्या सागाची उंची उणे येते, म्हणजे झाड जमिनीखाली जातं! दोन घाताची एकदाच वाकते, शहाणी दिसते, पण सहाव्या झाडाला चुकवते. मोजलेला आकडा खोटा कसा म्हणू?

आपला, मुखरू


चांदा, ११ फेब्रुवारी १९५७

चि. मुखरूस अनेक आशीर्वाद वि. वि.

जमिनीत शिरलेला साग वाचून तुझी मामी म्हणते, खणून काढा, आपल्या आरागिरणीच्या कामी येईल.

तुझं गणित मले समजत नाई, पण बारा वर्षं करवत ओढली आहे. वाकड्या ओंडक्यावर रेघ मारायची तर आम्ही खिळे ठोकून बांबूची कामटी लावत असू. जाड कामटी वाकत नाई. फार बारीक तासली तर एका चुकार खिळ्यासाठीही सापासारखी वळते, अन् तिच्यावरून चिरलेली फळी चुलीत जाते. मधली घ्यावी, अन् जो खिळा दूर राहील त्याले विचारावं, बाबा, तू इथी काऊन?

आता त्या दिवशी माझ्या कानानं टिपलेलं सांगतो. सात झाडांचे आकडे पोचूनं टेप पाहत, रेंगाळत सांगितले. सहाव्याचा झटकन सांगितला, आवाज खाली टाकून. पोकळ ओंडक्यावर थाप मारली की असंच ऐकू येते. त्याच्यावर ओरडू नको. सोबत बसून बिडी पेटव अन् विचार.

तुझ्या आईले सांग, सामान बांधायची घाई नाई.

तुझा मामा, गुणवंतराव


एटापल्ली, २८ फेब्रुवारी १९५७

ती. मामाजींस शि. सा. न. वि. वि.

बिडी ओढली, ठसका लागला, पोचू हसला आणि मग बोलला. त्या सागाखाली त्यांचा पेन, म्हणजे देव बसतो. त्या झाडाला टेप कशी गुंडाळायची, म्हणून त्यानं दहा पावलांवरून हवेतच कव घालून घेर ठरवला होता. म्हणाला, "बाबू, देवाले कोणी कमरेचं माप इचारते का?"

सहावा ठिपका पुसला. उरलेल्या सातांमधून दोन घाताची रेष काढली. ती नेमकी कुणावरूनच जात नाही, पण सगळ्यांच्या अंगणातून जाते. तक्त्याखाली लिहिलं, "झाड क्रमांक सहा: मोजण्यास परवानगी मिळाली नाही." साहेबांनी विचारलं, कोणत्या ऑफिसची परवानगी?

मी म्हटलं, "वरच्या."

त्यांनी लगेच सही केली. कायमचा हुकूम आज हातात पडला. आईनं बांधलेली ट्रंक सोडली. तुमचं ऐकलं नव्हतं तिनं.

मामींस नमस्कार. तुमचा कान असाच आमच्याकडे असू द्यावा.

आपला भाचा, मुखरू