हवेच्या वाटेतलं भोक

८ जानेवारी, बुधवार

भोक पडलं! रिझवानच्या रेसच्या मोटारसायकलचं, इंजिनाच्या माथ्यावर बसतं ते अॅल्युमिनियमचं हेड — आत हवा जायच्या वाटेत, वरच्या अंगाला, मोहरीएवढं भोक.

दुपारीच थांबायला हवं होतं. वाट घासून मोकळी करत होतो. जुन्या ब्लोअरनं हेडातून हवा ओढायची आणि शेजारी लावलेल्या गवंड्याच्या लेव्हलच्या नळीत बघायचं. हवा किती सुटली ते पाणी सांगतं. आज पाणी छान सरकलं होतं. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून गनीभाई डोकावला. "रामहरी, बास कर आता. लोखंड न्हाई ते, लोणी हाय!" मी म्हणालो, "तुझ्याच पोराची गाडी पळवतोय." आणि ग्राइंडर अजून जरासा फिरवला. आवाज बदलला. हाताला आधी कळलं.

हे भोक गनीभाईच वेल्डिंगनं भरू शकतो. त्यालाच कसं सांगू?

९ जानेवारी

मळून लावायची पुट्टी भरली. वाळल्यावर घासून सारखी केली. बोट फिरवलं तरी कळत नाही.

मला कळतंय. इंजिन तापलं, पेट्रोल लागून लागून पुट्टी सुटली, तर तुकडा थेट व्हॉल्व्हमध्ये. व्हॉल्व्ह अडकला की इंजिन जाम, मागचं चाक जाम. भर वेगात पोरगं हवेत!



१० जानेवारी

रिझवान हेड मागायला आला. "काका, रविवारी काष्टीच्या रेसला पुन्याची टीम येतीय. त्यांनी मला घेतलं तर गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं! अब्बांची कटकटच मिटली." मी उद्या देतो म्हणालो. तो हसला. "तुमचं तोंड का उतरलंय? पळवनार मी हाय, तुमी न्हाई."

११ जानेवारी, शनिवार

सकाळी मारुतीला जाऊन आलो. भीती गेली नाही. घरी आलो, रात्री दुकानातून आणून ठेवलेल्या हेडालाच कुंकू लावलं, हात जोडले. पोराला सांभाळ, एवढंच म्हणालो.

मग ठरलं — गनीभाईला सांगायचं. पुट्टी काढायची, वेल्डिंग मारून घ्यायचं. तो कर्जतला गेलेला. त्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत दुकानात बसलो. आला नाही. घरी आलो तर हेड जागेवर नाही!

बायको लंका म्हणाली, "रिझवान सकाळीच आल्ता, दिलं की. कुंकू लावल्यालं हुतं. म्हनलं, काम झालं."

तिचं काय चुकलं? काम पुरं झाल्याशिवाय आमच्याकडं कशालाच कुंकू लागत नाही. लग्न करून आली तेव्हापासून हेच बघतेय ती.

पोरं गाडी टेम्पोत घालून काष्टीला गेलीसुद्धा. गनीभाईही कर्जतहून परस्पर तिकडंच. दोघंही फोन उचलत नाहीत. देवा!

१२ जानेवारी, रविवार

आत्ताच घरी आलो. लिहितो.

काष्टीच्या पुढं माळावर पोचलो तेव्हा गाड्या ओळीत लागल्या होत्या. रिझवानची तिसरी. आवाज ओळखला — मोकळा, खोल. इतका सुंदर आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. तशातही ते मनात आलं, याची लाज वाटते.

दोरीखालून आत शिरलो आणि त्याच्या चाकापुढं बसलो. मातीत. गर्दी ओरडली.

"ए म्हातारं! उचला रं त्याला!"
"दिष्ट काढायला आलंय काय?"

रिझवाननं हेल्मेट काढलं. "काका, काय करताय! टीमवाले बघत्यात!"

गनीभाई पळत आला. मी सगळ्यांदेखत सांगितलं. भोक, पुट्टी, सगळं. गनीभाईनं एकदाच विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?" मग स्वतः गाडी ओढून बाहेर काढली.

रेस झाली. टीमवाल्यांनी दुसऱ्या पोराचं नाव लिहून नेलं. रिझवान टेम्पोमागं तोंड फिरवून बसला होता. हातपाय धड. मी ते डोळे भरून बघितलं.

१३ जानेवारी

शेजारी वेल्डिंग चालू. राम राम नाही.

१६ जानेवारी

गनीभाई हेड घेऊन आला. माझ्याच व्हाइसच्या जबड्यात आवळून धरलं. शनिवारी पोरांनी हेच हेड बसवून तासभर गाडी पळवली होती म्हणे; तापलं असणार, पेट्रोलही लागलं असणार. त्यानं पुट्टीला छिन्नी लावली, हातोडा घातला. पुन्हा घातला. मग छिन्नी माझ्या हातात दिली.

मीही ठोकलं. पुट्टी निघाली नाही.