चटणीची पिशवी आणि दुबईचा व्हिसा

मंगळवार, संध्याकाळ

जीव भांड्यात पडला एकदाचा. सुनंदाचं डब्लिनचं तिकीट बदलून मिळालं. लेकीच्या बाळंतपणाला बायको एकटी निघालीय, आणि तिकिटं मी स्वतः फोनवर काढलेली. मुंबई ते दुबई एक, दुबई ते डब्लिन दुसरं. आयर्लंडचा व्हिसा हातात होता. आणखी काय लागतंय?

महिनाभर हिचं एकच. "अवो, दुबईत चटणीची पिशवी कोण उचलणार?" पाच किलो कांदा-लसूण चटणी, जाड कापडाच्या पिशवीत, तोंड शिवून. मी खेकसायचो, "आपोआप जाती गं."

शेवटी तिची समजूत पटावी म्हणून आज शाहूपुरीत तिकिटांच्या ऑफिसात घेऊन गेलो. तिनं तेच विचारलं. तिथल्या बाईंनी कागद बघितले. "काकू, ही दोन वेगळी तिकिटं हायत की. सामान दुबईत बाहेर येणार. ते घ्यायला तुम्हाला दुबईत शिरावं लागणार, त्याला व्हिसा लागतोय."

माझे कान गरम झाले. हिला मुंबईतच अडवलं असतं तर? तिकडं लेक वाट बघत बसली असती.

आता सगळं एकाच तिकिटावर. पिशवी थेट डब्लिनला, हिनं विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायचं. दुबईचा व्हिसा नको.

मघाशी लेकीला फोनवर म्हणालो, "मला शंका आली, म्हणून चौकशी केली." सुनंदा शेजारीच पिशवीला आणखी एक शिवण घालत होती. दोरा दातानं तोडला.

निदान इथं तरी खरं लिहितो. विचारलं तिनं.