विहीणबाईंचं गरम पाणी

कोपनहेगन,
मंगळवार, १२ मे

ती. सिंधूताईंस,
प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर नुसतं ‘हो का’ म्हणता, म्हणून कागदावर लिहितेय. तुमचे बंधू याचा फोटो काजलला पाठवतील. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल.

आम्ही सुखरूप पोचलो. हॉटेल उत्तम आहे, पण ते लिऊबाईंसाठी. म्हणजे प्रीतमच्या होणाऱ्या सासूबाई, आपल्या विहीणबाई. चीनमधल्या चेंगदूहून एकट्या आल्या आहेत. त्यांना कालव्याकडची खोली. मुलाच्या आईला मात्र सायकलींच्या गोठ्याकडची!

पहिल्या दिवशी मी चांगली साडी नेसून खाली बसले. वाटलं, विहीण भेटायला येईल, नारळ नाही तर निदान फूल तरी देईल. बाई आल्या त्या थेट काउंटरवर गेल्या आणि रिकामा थर्मास पुढे करून गरम पाणी मागू लागल्या. तिथल्या मुलाने थंड पाण्याचा नळ दाखवला. लिऊबाईंनी नळाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यातून विषच येतंय. शेवटी मी मध्ये पडले. शाळेत नन्सनी घासून घेतलेल्या इंग्रजीत त्या मुलाला सुनावलं, की पाहुण्याला गरम पाणी नाकारणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. पाणी मिळालं. बाईंनी माझ्या हातात चहाची एक डबी ठेवली आणि चालत्या झाल्या. वरमायला डबी!

तुमचे बंधू मात्र खूश. ते आपल्या सवयीने ‘चा’ म्हणाले आणि लिऊबाईंचा चेहरा खुलला, कारण चिनी भाषेतही ‘चा’च म्हणतात. इतकी वर्षं मी त्यांना ‘चहा’ म्हणायला शिकवलं, ते सगळं पाण्यात.

काल तर कहर झाला. ह्यांनी तुमची भिवापुरी तिखटाची पुडी विहीणबाईंना भेट दिली. त्यांनी ती केटलीत शिजणाऱ्या शेवयांवर उपडी केली. वाफ छताला लागली आणि आगीचा भोंगा वाजला. अख्खं हॉटेल रस्त्यावर! मी गाऊनमध्ये, केस मोकळे. लिऊबाई वाटी हातात धरून शांतपणे खात उभ्या. वर मला शेवया देऊ केल्या! हॉटेलवाल्यांनी त्यांची केटली जप्त केली, तेवढंच मला समाधान.

मी प्रीतमला स्पष्ट सांगितलं, शुक्रवारी टाउन हॉलमध्ये खुशाल लग्न लावून घ्या. जिथे मुलाच्या आईचा मान नाही तिथे मी पाऊल ठेवणार नाही. आता खोलीतच बसून आहे.

रागात लिहिलंय, पण माया कमी करू नये.

तुमची भावजय,
प्रमिला

महाल, नागपूर,
बुधवार, १३ मे

चि. सौ. प्रमिलाले,
अ. उ. आ.

काजल तुझं पत्र वाचून राहिली होती. भोंगा वाजला तिथं तिले पुढे वाचताच नाही आलं, आम्ही दोघी नुसत्या हसून राहिलो. माझं तिखट परदेशात वाजलं, मले अजून काय पाहिजे!

पण तू काहून रुसून बसली वं? आठव जरा. आमच्या मेघाच्या लग्नात मी माझ्या विहिणीचे पाय धुवाले बसली, तं तूच माझ्या हातची परात उचलून नेली होती. बाईनं बाईचे पाय धुवायचे दिवस गेले म्हणून भर मांडवात भाषण दिलं. माझी विहीण तशीच ओल्या पायानं बसून राहिली. अजून मले ऐकवते. अन् आता तुले मान पाहिजे? त्या बिचारीले आपल्याकडचं काय माहीत? तिच्या कानात कोणी सांगितलं?

एकुलत्या एका पोराच्या लग्नाच्या फोटोत त्याची आई नसली, तं तो फोटो मी भिंतीवर लावणार नाही. माझ्या भावाले, मधुकरले म्हण, ‘चा’ कमी पी.

राग उतरला का कळव.

सिंधूताई

कोपनहेगन,
गुरुवार, १४ मे

ती. सिंधूताईंस,
शि. सा. न.

परातीचं भाषण मी मागे घेतलेलं नाही. पण आज काय झालं ते ऐका.

संध्याकाळी दार वाजलं. बघते तर लिऊबाई! हातात घडीचा गुलाबी रबरी टब, त्यात वाफाळतं पाणी, पाण्यात आल्याचे तुकडे. आत आल्या, मला खुर्चीत बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि माझे दोन्ही पाय त्या पाण्यात ठेवून चोळू लागल्या. ताई, माझ्या भाषेतला एक शब्द येत नसूनही त्या बाईला वरमायचा मान कळला! आपल्याकडच्या शिकल्यासवरल्यांना कळत नाही. मला इतकं गहिवरून आलं की मी चक्क गप्प बसले. तुमचे बंधू घाबरून जवळ आले.

उद्या मी जाणार. टसरची साडी काढून ठेवली आहे. महालात सगळ्यांना सांगा.

तुमची, आज फार खुशीत असलेली,
प्रमिला

महाल, नागपूर,
शुक्रवार, १५ मे

चि. सौ. प्रमिलाले आशीर्वाद.

जा बाई, लवकर जा, आरशासमोर उभी राहू नको. आलं पायाले? आम्ही तं चात टाकतो वं!

मेघाची सासू इथंच बसली होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणते, प्रमिलाले म्हणा, माझी परात वापस कर.

सिंधूताई

कोपनहेगन,
रविवार, १७ मे

ती. सिंधूताईंस,
शि. सा. न. वि. वि.

लग्न छान झालं. फोटोत मी मधोमध आहे, भिंत रिकामी करून ठेवा.

काल जेवताना प्रीतमने एक गोष्ट कबूल केली. मी रुसले हे सासूला सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून विमानात आईचे पाय सुजले अशी त्याने थाप मारली होती. त्यांच्या घरी म्हणे रोज संध्याकाळी सगळेच गरम पाण्यात पाय घालून बसतात. म्हणजे तो मान नव्हता, औषध होतं! तणतणत खोलीत आले, तर तुमचे बंधू त्याच गुलाबी टबात पाय सोडून मोबाइल बघत बसलेले.

पुन्हा रुसणारच होते. मग लक्षात आलं, केटली तर जप्त झाली होती. म्हणजे तो अख्खा टब त्या बाईने काउंटरवरून थर्मास थर्मास करत भरला होता. आणि यावेळी भांडून द्यायला मीही खाली नव्हते.

मी लिऊबाईंचा थर्मास घेऊन खाली गेले. काउंटरवरचा मुलगा मला पाहताच थर्मास भरू लागला. लिऊबाई दिवसभर नव्या बुटांत हिंडल्या होत्या. त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं. मी उशी घेऊन खाली बसले. नंतर मला उठता येईना, तेव्हा त्यांनीच ओल्या पायांवर उभं राहून मला ओढून उठवलं. मग आम्ही दोघींनी त्या डबीतला चा घेतला. हो, चा.

दिवाळीनंतर लिऊबाई नागपूरला येणार आहेत. तेव्हा मेघाच्या सासूबाईंनाही बोलवा, त्यांची परात मी स्वतः घेऊन येते. आणि महालात कुणी विचारलंच, की कोणी कोणाचे पाय धुतले, तर सांगा, पाणी छान गरम होतं.

आजवर सांभाळलंत, तसंच पुढेही सांभाळून घ्यावं.

तुमचीच,
प्रमिला