तू पाठवलेल्या गाजराच्या बियाण्याबद्दल

तीर्थरूप दादास,

वाकून नमस्कार. (वाफ्यातलं गवत काढायला वाकलेच होते, त्यातच तुझाही उरकून घेतला.) तुझी तब्येत उत्तम असेल, वहिनींचं दातांचं दुखणं थांबलं असेल आणि तुमच्या नव्या गॅलरीतून डोंगर अजून दिसत असेल, असं धरून चालते. विचारायला फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा ते मी लिहिलं असं समज आणि पुढे वाच.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी तू फोनवर विचारलंस, "अप्पा दिवसभर करतात काय?" मी म्हटलं, खुर्चीत बसतात, उठतात, पुन्हा बसतात. त्यावर तू म्हणालास, "अगं, त्यांना काहीतरी छंद लावून द्या. मेंदूला व्यायाम होतो." आणि आठवड्याच्या आत कुरियरने गाजराच्या बियांचं पाकीट आलं. पाकिटावर माझ्या मनगटाएवढं गाजर आणि ते धरून हसणारी एक बाई. (ही बाई हसते आहे याचा अर्थ तिने ते स्वतः लावलेलं नाही, हे मला आता कळतं.) पाकिटाचं वजन सात ग्रॅम भरलं. अप्पांनी तोललं. तुझं कर्तव्य त्या सात ग्रॅममध्ये बसलं आणि तिथेच संपलं. माझं सुरू झालं.

आपल्या वडिलांनी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली, हे तू विसरला असशील, मला विसरता येत नाही. स्वयंपाकघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे, जिथे माझी कपडे वाळत घालायची दोरी होती (होती म्हणते, नीट वाच), ती त्यांनी टेप लावून मोजली आणि तिचे तीन वाफे पाडायचं ठरवलं. गाजराला माती हातभर खोल भुसभुशीत लागते, त्यात खडा चालत नाही. खणायचं काम आमच्या यांच्याकडे आलं. दोन रविवार खणून यांची कंबर धरली आणि तिसऱ्या रविवारी हे सरळ उभे राहिलेच नाहीत. माती चाळायला अप्पांनी माझी पिठाची चाळण घेतली. मी दुकानातून आले तर चाळण वाफ्यात, पीठ तसंच, आणि अप्पा मला सांगतात, "हिची भोकं एकसारखी नाहीत. जप्त करायला हवी."

गाजराचं बी म्हणजे चिमूटभर धूळ असते रे. शहाणी माणसं ते वाळूत कालवून ओळीने भुरभुरतात. पण अप्पांना अंदाजाने काही करायचं म्हणजे अंगावर काटा येतो. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासते, त्यामुळे घरात एक भिंग आहे. ते भिंग, माझा भुवया कोरायचा चिमटा आणि लाकडी पट्टी घेऊन ते सकाळी सातला पाटावर बसले आणि दर दोन बोटांवर एकेक बी ठेवू लागले. दुपारी एकपर्यंत दीड ओळ झाली. मग त्यांना शिंक आली. पाकीट हातात उघडंच होतं. पुढचं तुला कळलं असेल. (दादा, खोटं वाटेल, पण सगळ्यात सरळ गाजरं त्या शिंकेतली आली, मोरीच्या पाइपाजवळ, जिथे कुणी खणलं नाही, चाळलं नाही, मोजलं नाही.)

त्यानंतर अठरा दिवस काहीच उगवलं नाही. पाकिटावर लिहिलं होतं की तीन आठवडेही लागतात, तोवर माती ओली ठेवा. आम्ही ओलं पोतं पसरलं. अप्पा दर सकाळी पोतं उचलून चमच्याने माती उकरून बघत, बी हललं का ते तपासत आणि पुन्हा झाकत. घरातले सहा चमचे वाफ्यात गेले. शेवटी एकोणिसाव्या दिवशी केसासारखे हिरवे कोंभ आले आणि अप्पांनी मला आत येऊन हाताला धरून बाहेर नेलं. एवढं खरं लिहायला हवं, त्या सकाळी ते फार छान दिसत होते. तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास.

मग विरळणी आली. रोपं दाट झाली की मधली उपटून टाकावी लागतात, नाहीतर कुणीच पोसत नाही. ज्या माणसाने अर्ध्या बाजारपेठेचे तराजू उचलून नेले, तो माणूस एका रोपाला हात लावीना. "यांनी काय गुन्हा केलाय?" म्हणून मलाच विचारलं. तीन दिवस समजूत घातली, चौथ्या दिवशी ते दुपारचे आडवे झाले तेव्हा मी जाऊन त्रेचाळीस रोपं उपटली. त्रेचाळीस हा आकडा माझा नाही, तो अप्पांच्या लेखी तक्रारीत आहे. तक्रार यांच्या नावे होती, घराचे प्रमुख म्हणून. विषय: वाफा क्रमांक दोनमधून रोपं गहाळ झाल्याबाबत. संशय: घरातीलच व्यक्ती. यांनीही कमाल केली, खाली "चौकशी सुरू आहे" असं लिहून सही ठोकली. तेव्हापासून माझ्यावर घरात नजर आहे. नळाशी गेले तरी अप्पा खिडकीत येतात.

इथवर मी हसत होते, दादा. माझ्या दुकानात हे सगळं सांगून मी लोकांना हसवलं आहे. गिऱ्हाइकं डोळे तपासायला येतात आणि डोळे पुसत जातात. पण तक्रारीनंतर साधारण पंधरा दिवसांनी अप्पा मला "तुम्ही" म्हणायला लागले. मला वाटलं, रुसले आहेत, ऑफिसातला तोरा दाखवताहेत. मीही मग त्यांना "साहेब" म्हणायला लागले. चहा देताना "घ्या साहेब", औषध देताना "सही करा साहेब". ते शांतपणे घ्यायचे. आम्ही दोघं एकच नाटक करतो आहोत असं मला जवळजवळ महिनाभर वाटत होतं.

गाजरं काढली मागच्या शनिवारी. यांनी हौसेने ताजं शेणखत घातलं होतं (पाकिटावर घालू नका असं लिहिलेलं, पण यांनी आयुष्यात कुठल्या पाकिटाचं ऐकलं आहे?), वर अप्पांची रोजची उकराउकरी, त्यामुळे जे निघालं त्याला गाजर म्हणायला धीर लागतो. कुणाला दोन पाय, कुणाला तीन, एक तर मांडी घालून बसलं होतं. धड अशी अकरा. अप्पांनी ती धुतली, पुसली, आधी माझा स्वयंपाकघरातला काटा बारा ग्रॅमने खोटा आहे असं जाहीर केलं आणि मग त्याच्यावर एकेक तोललं. सगळ्यांत चांगली तीन वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही आमच्या मुलाला पाठवा. त्याला गाजर फार आवडतं."

तुला गाजर आवडत नाही. लहानपणी तुझ्या ताटातली गाजरं तू माझ्या ताटात सरकवायचास आणि मी खायचे, कारण आवडायची ती मला. मी तसं म्हणाले. जरा चिडूनच म्हणाले, नाकारत नाही. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, एखाद्या दुकानदाराकडे बघावं तसं. म्हणाले, "बाई, तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत?"

मी म्हटलं, "आणि तुमची मुलगी? तिला नाही पाठवायची?"

"तिची काळजी नाही," अप्पा म्हणाले. "ती करते तिचं तिचं."

मग त्यांनी हात धुतले आणि जेवायला काय आहे ते विचारलं. मी वाढलं. चांगले जेवले.

तेव्हा छंद लागला आहे, मेंदूला व्यायाम झाला आहे, तुझ्या सूचनेप्रमाणे सर्व पार पडलं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असेल तितका असावा.

तुझी धाकटी बहीण

ता. क. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला माझं ऑपरेशन आहे. गर्भपिशवी काढायची आहे. डॉक्टरीण म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण सहा आठवडे काही उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि अप्पांना आंघोळ घालायला दोन्ही लागतं. यांच्या कंबरेचं वर लिहिलंच आहे. तू अठराला येऊन त्यांना घेऊन जा. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन वहिनींकडे देतोस आणि त्या दातांबद्दल बोलतात.

ता. क. दुसरा. चमचे कुलपात ठेव. संडासचा दिवा रात्रभर चालू ठेव. औषधं ते साहेब म्हटल्याशिवाय घेत नाहीत. बाकी काही अडणार नाही. तुला ते ओळखतात.

ता. क. तिसरा. सोबतच्या खोक्यात तीन गाजरं आहेत. ती मंडईतली आहेत. अप्पांची तीन मी रविवारी सकाळी ओट्यापाशी उभ्याने, कच्चीच खाल्ली. ते तुला विचारतील कशी होती. गोड होती म्हणून सांग. खरंच होती.