वाड्यामागची हाडं

भुकूम, ता. मुळशी
११ जानेवारी २०२५

ती. धनाजीदादास,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बर्फातल्या ठाण्यावर फोन लागत नाही, म्हणून पत्र. सोमवारी मेंढरांच्या वाड्यामागे पाण्याच्या टाकीसाठी जेसीबी लावला होता. पुरुषभर खोल गेल्यावर माणसाची हाडं निघाली. काम थांबलं, पोलीस आले. गावात पहिलं नाव निघालं ते कुशाबामामाचं. अकरा वर्षांपूर्वी मेंढरं विकण्यावरून आबांशी भांडून मामा गेला तो परतलाच नाही. आबांनीच त्याचं काहीतरी केलं, ही कुजबुज तुलाही ठाऊक आहे. आता आबांना दोनदा चौकशीला बोलावलं.

आई म्हणते, ही माझ्या भावाचीच हाडं. ती जेवत नाही, आबांशी बोलतही नाही.

उद्या पुण्याहून पुरातत्त्व शिकवणाऱ्या गौतमी मॅडम येणार आहेत. फौजदार म्हणाले, जुनं निघालं तर त्यांचं, नवं निघालं तर आमचं. जीव टांगणीला लागलाय रे. स्वतःला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उत्कर्षा


२४ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज रेशनच्या गाडीबरोबर आलं. एक सांगतो, पण हे पत्र आईआबांना वाचून दाखवू नकोस. मामा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा वाड्यामागे एकटेच खोऱ्यानं माती ओढत होते. मी तेरा वर्षांचा होतो. पाहिलं आणि विचारलं नाही. आजवर कुणालाच विचारलं नाही. घरापासून इतक्या लांब भरती झालो, त्यामागे थोडी ती मातीही आहे.

ती हाडं जुनी निघोत. मॅडम काय म्हणाल्या ते लगेच कळव. आबांना जेवायला घाल. आईच्या जवळ बस.

तुझा दादा,
धनाजी


भुकूम
९ फेब्रुवारी २०२५

चि. धनाजीस आबाचा आशीर्वाद.

मी सांगतुया, उत्कर्षा लिवतीया. तिनं तुजं पत्र दडवलं व्हतं, पर आईला गावलं आन् तिनं मोठ्यानं वाचाया लावलं.

घाबरू नगं. हाडं लई जुनी हायेत. मॅडमनी चार दिस ब्रशनं माती झाडली. उशाला दोन मडकी, गळ्यात शंखाचं मणी. फौजदारानं ईचारलं, निस्तं मडकं धरून कसं सांगता. त्या म्हनल्या, मडकं एकलं बगायचं नसतं, कशासंगं आन् कुटल्या थरात गावलं ते बगायचं. ह्या हाडांवरचा थर जेसीबी लागस्तवर अखंड व्हता, हजार वर्सांत कुनी खनल्यालं न्हाई. फौजदारानं तितंच कागद मिटला.

चार हात पलीकडं, वरच्या मातीत, मेंढीची हाडं बी निगाली. ती मॅडमनी बाजूला सारली, म्हनल्या ही आमची न्हाईत. धना, ती माजी हायेत. त्या सकाळी मी मेल्याली मेंढी पुरत व्हतो.

मी रागावलो न्हाई. तुजी आई बी रडून म्हनली, तिला बी शंका आल्ती. मंग मी बी सांगितलं. जेसीबीनं हाडं काढली तवा मलाच वाटलं, ह्यो कुशाबाच. मी नगं ते बोललो, आन् तो माघारी येऊन हितंच कुटंतरी मेला असंल, ह्येच अकरा वर्सं मनात व्हतं. त्या भ्यानं मी त्याला कधी शोधलंच न्हाई.

मेंढरं घिऊन फिरनारा कैलास म्हनतो, फलटणच्या बाजूला कुशाबासारका मानूस त्यानं औंदा बगितला. उद्या पहाटं मी आन् तुजी आई, आमी दोगं तिकडं निगतुया. तू जिवाला जप, आन् मनात आलं की तवाच ईचारत जा. आई आत्ता चुलीपाशी हाय. तिघांच्या भाकरी बांधतीया, तिसरा वाटा कुशाबाचा.

तुजा आबा,
धुळाजी