बाबांसकट ठोकलेलं घर

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही सुखरूप आहोत, आणि बाबा ज्याला ‘खोकं’ म्हणतात ते आमचं घरही अजून उभं आहे. ते तुझ्यामुळे उभं आहे हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी वाहवत जातो हे तुला ठाऊक आहे. भिंतींना आणि छपराला लागणारा प्लाय तू घेऊन दिलास, आणि ‘जाऊन बघून तर या’ म्हणून बाबांनाही तूच इकडे पिटाळलंस. त्यांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं, एवढीच माझी इच्छा. पण जन्मभर विटांवर विटा रचलेला गवंडी लाकडाच्या घरात राहील का, हा प्रश्न होता.

आल्या आल्या त्यांनी दाराच्या खांबाला खांदा लावला, तर मागचा कोपरा हलला. झालं! मी परोपरीनं सांगितलं की नुसता सांगाडा हलायचाच, वरून प्लाय ठोकला की ताठ होतो. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं (माझं प्रगतिपुस्तक हातात आल्यावर बघायचे, तसं).

मग ठोकाठोकी सुरू झाली. सुतारानं बजावलं होतं की दोन शीटांमध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायचीच. ओलाव्यानं प्लाय फुगतो, त्याला पसरायला जागा लागते. मी इमानेइतबारे फटी ठेवत पुढे जात होतो आणि बाबा मागून थापी घेऊन त्या सिमेंटनं बुजवत येत होते. उघडा सांधा दिसला की त्यांचा हात शिवशिवतो, त्याला ते तरी काय करणार! काम इतकं सुबक की बोट फिरवत राहावं (हे सुताराला कळू देऊ नकोस). मग पावसाची झड लागली आणि भिंतींना पोट सुटलं. छपरावरच्या शीटांनी तर पाठी वर काढल्या. सुतारानं येऊन कपाळाला हात लावला, सिमेंट खरवडलं, खिळे उपटले आणि आम्हाला पहिल्यापासून कामाला जुंपलं. बाबा रुसले. जेवताना मीठसुद्धा मागेनात.

आता खरी हकिकत. दारंखिडक्यांच्या जागेवरूनही प्लाय सलग ठोकत जायचा आणि मग करवतीनं त्या जागा कापून काढायच्या, अशी या कामाची रीत आहे. तुझी भावजय शीट धरत होती, मी ठोकत होतो, आणि दोघं कडाकडा भांडत होतो (कशावरून, ते सोड). दारावरची शेवटची शीट बसली, मी हात झटकले आणि बघतो तर बाबा नाहीत. त्यांची पिशवीही नाही. वाटलं, रागावून तुझ्याकडे निघाले, आता काही परत येत नाहीत. तुझी भावजय बसथांब्याकडे धावली. मी रस्त्यात भेटेल त्याला विचारत सुटलो. हात हलवत परत आलो तेव्हा सुतार दार कापत होता. कापलेला तुकडा त्यानं ओढून काढला, तर आत बाबा! पिशवीवर बसलेले, डोक्यावर भुसा. मी जाऊन मिठीच मारली. ते म्हणाले, “कोपरा हलत नाही आता. ढकलून बघितला मी.” डोळा लागला होता म्हणे. हातोडा चालू असताना! वय झालं, ऐकू कमी येत असेल.

ताई, इतकी वर्षं त्यांना सांभाळलंस, आणि वर आमच्या भिंतीही झाकल्यास. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे. सांगितलेलं बाबा कधी करत नाहीत. तेव्हा ‘त्या खोक्यात राहू नका, ताबडतोब निघून या’ असं कडक पत्र त्यांना लिही. म्हणजे इथेच राहतील.

ता. क. (बाबांचा) चि. पोरी, पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. तू काही खोटं लिहू नकोस. मला झोप लागली नव्हती आणि कानही शाबूत आहेत. बाहेर दोघं भांडत होते, उन्हाची खोली मला द्यायची की मोरीजवळची. निकाल लागेपर्यंत गप्प बसलो. फटीतून चांगलं ऐकू येतं. फटी राहू देत. उन्हाची ठरली आहे. माझी उशी पाठव.